कणकेचा गोळा आणि महागाचं पांघरूण

"एवढ्या सगळ्यातलं ती वापरते काय?" ताईने विचारलं.

कपाटाच्या खालच्या खणात वजनदार पांघरूण होतं, चावायची रबरी माळ होती, तीन फिजेट स्पिनर होते, रंगीत थेंब सावकाश खाली उतरणारी बाटली होती. छताला टांगायचा कापडी झोका अजून खोक्यातच होता, कारण स्लॅबला हुक मारायला घरात कोणी राजी नव्हतं.

"बाटली. दोन दिवस," भाऊ म्हणाला. "मग आत काय आहे ते बघायला तिने ती फोडली."

"म्हणजे वापरली की!"

पनवेलच्या तिसऱ्या मजल्यावरचे हे बहीण-भाऊ कल्पित आहेत. त्यांचा वाद मात्र स्वमग्न किंवा अतिचंचल मूल असलेल्या कितीतरी घरांत रात्री जेवणं उरकल्यावर होतो. ताई ऑक्युपेशनल थेरपिस्ट, साताऱ्यात तिचं छोटं क्लिनिक आहे. धाकटा भाऊ औषध कंपनीत आकडेवारीचं काम करतो. त्याची मुलगी आठ वर्षांची. ऑटिझम आणि एडीएचडी, दोन्हीचं निदान झालेलं. ताईचं म्हणणं, घरात योग्य हालचाल मिळाली की मूल सावरतं. भावाचं म्हणणं, हे सिद्ध कुणी केलंय?

त्याने सुरुवात पांघरुणापासून केली, कारण सगळ्यांत महाग तेच पडलं होतं.

"2014 साली 'पेडियाट्रिक्स'मध्ये ब्रिटनमधली चाचणी छापून आली. पाच ते सोळा वर्षांची, झोपेचा त्रास असलेली ऑटिस्टिक मुलं. 73 घेतली, 67 शेवटपर्यंत टिकली. दोन आठवडे वजनदार पांघरूण, दोन आठवडे तसंच दिसणारं हलकं. यंत्र बांधून झोप मोजली. एकूण झोपेत फरक पडला नाही. आणि मी ते पांघरूण हप्त्यावर घेतलंय, ताई."

"घेण्याआधी विचारलंस का मला? आणि तोच पेपर पुढे वाच. मुलांना आणि आईबापांना वजनदार पांघरूणच जास्त आवडलं, हेही त्यातच छापलंय."

"आवडणं म्हणजे परिणाम नव्हे."

"गोळीच्या बाबतीत नसेल. रात्री अंगावर काय घ्यायचं, यात आवडीला काही किंमत आहे की नाही?"

दोघंही त्या एकाच पेपरचा आधार घेत होते आणि दोघांचंही वाचन बरोबर होतं. झोप वाढेल म्हणून पैसे घालणाऱ्याची फसगत होते. अंगावर दाब आला की बरं वाटतं म्हणणाऱ्या मुलाची होत नाही. दुकानदार पहिलं आश्वासन देऊन दुसरी वस्तू विकतो, एवढंच.

दाबाची ही गोष्ट सर्वांत ठसठशीतपणे मांडली ती टेम्पल ग्रँडिन यांनी. 1947 साली जन्मलेल्या या अमेरिकन ऑटिस्टिक शास्त्रज्ञ पुढे पशुपालनातल्या तज्ज्ञ म्हणून जगभर ओळखल्या गेल्या. ॲरिझोनात मावशीच्या रँचवर त्यांनी पाहिलं की लस टोचताना गुरांना दोन्ही बाजूंनी दाबून धरणाऱ्या चौकटीत काही जनावरं शांत होतात. मग अठराव्या वर्षी त्यांनी स्वतःसाठी तशीच लाकडी चौकट बनवली. या कथेतला एक तपशील सांगताना नेहमी सुटतो, तो ताईने पकडला. "दाब किती, कधी आणि कुठवर, हे ठरवणारा दांडा तिच्या स्वतःच्या हातात होता. तू काय केलंस? पोरीला पांघरुणात गुंडाळून 'आता झोप' म्हणालास."

भाऊ गप्प बसला. हा मुद्दा आवडनिवडीपुरता नाही. 2008 साली कॅनडातल्या क्वेबेकमध्ये नऊ वर्षांचा एक ऑटिस्टिक मुलगा शाळेत वजनदार पांघरुणात गुंडाळून ठेवला असताना मरण पावला. म्हणून ताईचे नियम पक्के आहेत: पांघरूण मुलाला स्वतःच्या हाताने झटकून टाकता आलं पाहिजे, तोंडावर कधीही येता कामा नये, अगदी लहान मुलाला द्यायचंच नाही, आणि शिक्षा म्हणून तर मुळीच नाही. एवढं पाळायचं असेल तर आईची जुन्या लुगड्यांची चार पदरी गोधडीही चालते, असं ती म्हणाली. पोरगी साताऱ्याला आली की तीच ओढून घेते.

"म्हणजे विज्ञान नको, गोधडी हवी," भाऊ म्हणाला.

"विज्ञान हवंच. पण कशाबद्दलचं ते बघ."

हा सगळा विचार ज्यांच्यापासून सुरू झाला त्या ए. जीन एअर्स, कॅलिफोर्नियातल्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट. 1972 साली त्यांचं पुस्तक आलं. स्पर्श, तोल, आणि स्नायू-सांध्यांतून मेंदूला मिळणारी शरीराची जाणीव, यांची जुळणी नीट होत नसेल तर त्याचा परिणाम मुलाच्या शिकण्यावर आणि वागण्यावर होतो, हा त्यांचा सिद्धांत. थेरपी केंद्रांत टांगलेले झोके, मोठे चेंडू, उताराच्या फळ्या त्यांच्याच परंपरेतल्या. भावाने या परंपरेचा हिशेब आधीच मांडून ठेवला होता. 2012 साली अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने सांगितलं की या थेरपीचा पुरावा मर्यादित आणि अनिर्णित आहे. 2014 मध्ये 32 मुलांच्या छोट्या चाचणीत ठरवलेली उद्दिष्टं गाठण्यात फायदा दिसला. 2022 मध्ये ब्रिटनमधली 138 मुलांची मोठी चाचणी आली. नेहमीच्या सेवांपेक्षा वर्तनात ठळक फरक दिसला नाही.

"आता बोल," तो म्हणाला.

"बोलते ना. सहा महिन्यांनी वागणं बदलतं का, हे त्या मोठ्या चाचणीने विचारलं. मी ते वचन कुठल्याही आईला देत नाही. मी म्हणते, संध्याकाळी सहा वाजता शाळेतून शिणून आलेली पोरगी साडेसहाला गणिताला बसू शकेल का. अर्ध्या तासाची गोष्ट. ती तुला घरी बसून बघता येते, त्याला ब्रिटनला जायला नको."

"एका मुलीवर बघितलेलं म्हणजे पुरावा नव्हे."

"पण तुला एकच मुलगी आहे ना रे?"

यानंतर ताई स्वयंपाकघरात शिरली, आणि वादाचा सूर थोडा बदलला. तिच्या मते घरातलं सगळ्यांत उपयोगी साधन म्हणजे परात. कणीक मळताना तळहात, मनगट, खांदा असा सगळ्यांवर जोर येतो, आणि जोराचं काम केलं की पुष्कळ मुलं सावरतात. अर्धी भरलेली बादली मोरीतून गॅलरीतल्या कुंड्यांपर्यंत नेणं, ओली फडकी पिळणं, गादी भिंतीकडे ढकलणं, किराण्याची पिशवी जिन्याने वर आणणं, ही त्याच जातीची कामं. हातांना बारीक काम हवं असेल तर वाटाणे सोलायचे, राजमा आणि छोले मिसळलेले निवडायचे, तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून लपवलेलं नाणं शोधायचं. ज्याला सतत काहीतरी चावायला लागतं त्याला गाजर, चणे-फुटाणे, चिक्की. श्वास लांबवायचा तर प्राणायामाचा वर्ग घेऊन उपयोग नाही. साबणाचे फुगे सावकाश फुंकायला दिले की उच्छ्वास आपोआप लांबतो. झोपाळा असेल तर पुढे-मागे, संथ. गरगर फिरवलं की काही मुलं आणखी चढतात.

(दोन-तीन वर्षांच्या मुलाच्या हाताशी वाटाणे-राजमा ठेवून कोणी उठून जाऊ नये. नाकात गेलेला दाणा काढताना घरातलं कुणीच शांत राहत नाही.)

"छान यादी आहे," भाऊ म्हणाला. "आता ऐक. कणीक दिली होती. तिने किंचाळून परात फेकली."

"चिकट होती?"

"कणीक चिकटच असते."

"मग तिला चिकट नको, जोर हवाय. पोळपाट-लाटणं दे, मळलेला गोळा दे, हाताला कोरडं पीठ लाव. नाहीतर कुटायला शेंगदाण्याचा खलबत्ता. तू यादी पाठ करतोस आणि पोरीकडे बघत नाहीस."

ताईच्या बोलण्याचा गाभा इथे होता, आणि तिचे विरोधक तो बहुधा ऐकूनच घेत नाहीत. 'शांत करणारे खेळ' नावाचा काही ठरलेला संच नसतो. एका मुलाला गच्च मिठी हवी असते, दुसऱ्याला शर्टाच्या मानेवरची चिठ्ठीही सहन होत नाही. एकच मूल सकाळी सुस्त आणि रात्री ताणलेलं असू शकतं, तेव्हा सकाळी त्याला उड्या लागतात आणि रात्री गोधडी. मूल स्वतःहून काय शोधतं, सोफ्याच्या फटीत घुसतं की टेबलावरून उडी मारतं, कॉलर चावतं की कान झाकतं, यातूनच सुरुवात करता येते.

महाग वस्तूंचा सोस महाराष्ट्राला नवा नाही आणि त्यावरचा उताराही नवा नाही. ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा माँटेसरीची महागडी साधनं गावातल्या मुलांना परवडणारी नव्हती. त्यांनी आणि अनुताई वाघांनी शिंपले, दगड, बिया, पानं हाताशी घेतली. ताईच्या स्वतःच्या व्यवसायाची भारतातली पहिली शाळाही इथलीच: 1950 साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात कमलाबाई निंबकरांनी ती काढली. त्या जन्माने अमेरिकन, लग्नाने निंबकर. रोजच्या जगण्यातलं काम हेच उपचाराचं साधन, हा या व्यवसायाचा पाया. त्याच्या नावाखाली आज आयात केलेले चेंडू विकले जातात, याची गंमत ताईला वाटत नाही, रागच येतो.

एवढ्यात भावाने आपला खरा आक्षेप काढला. आकड्यांच्या मागे तो इतका वेळ दबा धरून बसला होता.

"ताई, घराचा दवाखाना झालाय. उठल्यावर उड्या, आंघोळीआधी अंगावर ब्रश, शाळेआधी ढकलाढकली, आल्यावर कणीक, जेवणाआधी फुगे. पोरीच्या आईने नोकरी अर्धवेळ केली. पोरगी माझ्याकडे बघते तेव्हा तिला बाबा दिसतो की वॉर्डबॉय, कळत नाही. तुमच्या क्षेत्रातलं कुणी याचा हिशेब ठेवतं का?"

ताईने उत्तर लगेच दिलं नाही. थेरपिस्ट मंडळींवरचा हा आरोप रास्त आहे. घरी करायच्या गोष्टींचा कागद देणं सोपं. तो कागद बहुतेक वेळा आईच्या माथी जातो आणि त्याचे तास कुणी मोजत नाही.

मग तिने गोव्याचं उदाहरण काढलं. भारतातल्या पाच ठिकाणी, त्यात उत्तर गोवाही होता, दोन ते नऊ वर्षांच्या सुमारे चार हजार मुलांची पाहणी झाली आणि 2018 साली प्रसिद्ध झाली. ऐकू न येणं, अपस्मार, ऑटिझम, एडीएचडी, अध्ययन अक्षमता असे नऊ प्रकार मोजले, तेव्हा साधारण आठात एका मुलाला यातलं काही ना काही होतं. एवढ्यांना पुरतील इतके तज्ज्ञ देशात नाहीत. गोव्यात 'संगाथ' या संस्थेने आणि पाकिस्तानात रावळपिंडीच्या गटाने मिळून एक चाचणी केली, ती 2016 साली 'लॅन्सेट सायकिॲट्री'त आली. 65 ऑटिस्टिक मुलं, आणि शिकवायला तज्ज्ञ नव्हे तर प्रशिक्षण दिलेले आरोग्य कार्यकर्ते. बारा बैठका. मूळ पद्धत इंग्लंडमधली. आईबाप मुलाबरोबर खेळतात, त्याचं चित्रण करून त्यांनाच दाखवतात, आणि मूल काय सुचवतंय त्याला प्रतिसाद कसा द्यायचा हे शिकवतात.

"आईबापांचा प्रतिसाद सुधारला. मुलं स्वतःहून संवाद जास्त सुरू करू लागली."

"आणि दोघांनी मिळून एका गोष्टीकडे लक्ष देण्याचा वेळ उलट घटला," भावाने जोडलं. त्याने तो पेपरही वाचला होता. "शिवाय ती संवादाची चाचणी आहे, शांत करण्याची नाही."

"मान्य. पण त्यात मुलाला काही करायला लावत नव्हते. मोठ्यांनी पाठोपाठ जायचं होतं. तू परात घेऊन तिच्या मागे लागतोस, त्याच्या अगदी उलट."

ब्रशचा मात्र ताईने बचाव केला नाही. अंगावर ब्रश फिरवण्याच्या त्या पद्धतीला भक्कम पुरावा नाही आणि पोरीला ती आवडत नाही, तर आजपासून बंद, असं तिने सांगून टाकलं. या सगळ्यातल्या दोनच गोष्टी ठेवायच्या. त्यातली एक अशी हवी की जी घरात तशीही करावीच लागते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वाद परत पेटला, तो वेगळ्याच कारणाने. मुलगी टीव्हीसमोर उभी राहून हात पंखासारखे फडफडवत होती आणि भाऊ म्हणाला, "हात खाली. शांत बस."

"ती शांतच होती," ताई म्हणाली. "अशांत तू झालास."

हा प्रश्न अनेक घरांत कुणी विचारतच नाही: शांतता कुणासाठी? 2019 साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी ऑटिस्टिक प्रौढांना विचारलं की हात फडफडवणं, डुलणं, तोच आवाज पुन्हा पुन्हा काढणं त्यांना कशासाठी लागतं. भावना आणि आवाजांचा मारा झेपण्यासाठी, असं त्यांनी सांगितलं, आणि हे थांबवण्याचे उपचार त्यांना नको होते. एडीएचडीच्या बाजूनेही असंच काही हाती लागलं आहे. 2015 साली छापलेल्या एका अमेरिकन अभ्यासात, अवघड गोष्टी लक्षात ठेवायचं काम करताना एडीएचडी असलेली मुलं जितकी जास्त हलली तितकं त्यांना ते काम चांगलं जमलं. इतर मुलांचं उलट झालं.

"म्हणजे गणित करताना तिला उभं राहून डुलू द्यायचं?"

"तू ऑफिसच्या कॉलवर हॉलमध्ये येरझारा घालतोस. तुला कुणी बसवतं का?"

"शेजारच्यांसमोर..."

त्याने वाक्य पुरं केलं नाही, आणि ताईनेही ते ओढलं नाही. ज्या हालचालीने मुलाला इजा होते, डोकं भिंतीवर आपटणं किंवा हात चावणं, तिथे थांबावंच लागतं आणि डॉक्टरांकडेही जावं लागतं. कधी त्यामागे दातदुखी किंवा पोटदुखी निघते. बाकीच्या हालचालींची अडचण बहुतेकदा पाहणाऱ्याची असते.

त्याच रात्री कुकरची तिसरी शिट्टी झाली आणि पोरगी कोसळली. कानांवर हात, जमिनीवर पाय आपटणं, रडणं. भाऊ फुग्यांची बाटली घेऊन धावला. ताईने ती त्याच्या हातातून काढून घेतली, गॅस बंद केला, हॉलचा दिवा मालवला, आणि हातभर अंतरावर जमिनीवर बसली. बोलली काहीच नाही. वीसेक मिनिटांनी पोरीने पाणी मागितलं.

"हा कुठला उपक्रम?" भावाने नंतर विचारलं. चिडून नाही, पण पूर्ण सरळपणेही नाही.

"कुठलाच नाही. हट्ट असता तर तिने मध्येच डोळे वर करून आपल्याकडे पाहिलं असतं. हा हट्ट नव्हता, तिला आवाज झेपला नाही. अशा वेळी काही शिकवता येत नाही. प्रकाश कमी, माणसं कमी, शब्द कमी, आणि विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. तुझे फुगे सुट्टीच्या दुपारी काढ, ती मजेत असताना. तेव्हा सवय झालेली गोष्ट कधीतरी ताणातही उपयोगी पडते. आणि कुकर लावायच्या आधी तिला सांगा, किती शिट्ट्या होणार ते. कानावरचा हेडफोन तिच्या हाताशी ठेवा, दिवसभर मात्र नको. दिवाळीत आणि ढोल-ताशांच्या दिवसांत तर आदल्या आठवड्यापासून सांगायला लागा."

यातलं शिट्ट्यांचं गणित भावाला एकदम पटलं. ताईच्या सगळ्या बोलण्यातली मोजता येण्यासारखी तेवढी एकच गोष्ट होती.

एका मुद्द्यावर मात्र दोघांचं जमलं नाही. भावाच्या मते मोबाइल हा घरातला सगळ्यांत खात्रीचा उपाय: व्हिडिओ लावला की पोरगी दोन मिनिटांत गप्प. ताईने ते नाकारलं नाही. तोच व्हिडिओ शंभरदा पाहण्यात पुढे काय होणार हे ठाऊक असतं, आणि त्यातून तिला आराम मिळतो, हे तीही मानते. तिची तक्रार मोबाइल काढून घेतल्यानंतरच्या अर्ध्या तासाबद्दल. भाऊ म्हणाला, तो अर्धा तास मी भोगतो, तू साताऱ्याला असतेस. यावर ताईकडे उत्तर नव्हतं. तिने चित्रांचा तक्ता सुचवला, संपण्याआधी दाखवायचं वाळूचं घड्याळ सुचवलं. भावाने दोन्ही करून झालंय असं सांगितलं.

शेवटी भावाने वही काढली. दोन आठवडे, एक दिवसाआड गृहपाठाआधी जोराचं काम, मधल्या दिवशी नाही. लाटायचं की बादली न्यायची, हे पोरगी ठरवणार. पहिल्या रकान्याला त्याने नाव दिलं: 'किती मिनिटं बसली'. ताईने ते खोडलं आणि लिहिलं: 'बिनसल्यावर किती वेळात सावरली'. त्याने पहिलं पुन्हा लिहिलं. दोन्ही ठेवायचे ठरले.

आत भांडी घासणाऱ्या बायकोने म्हटलं, "आणि मंगळवारी आपण दोघंही आठला येतो. तेव्हा तिच्याजवळ उभं कोण राहणार, तोही रकाना करा."

भावाने रेघ मारली. वर काय लिहायचं ते कुणालाच सुचत नव्हतं, म्हणून खालच्या मजल्यावरच्या काकूंना विचारायचं की नाही, यावर नवी चर्चा सुरू झाली.